फसलेल्या प्रयोगालाही जागा हवी

उच्च शिक्षणाविषयीच्या शोधपत्रिकांसाठी परीक्षक म्हणून काम करणाऱ्या कोणालाही एक लेख पुनःपुन्हा भेटतो. लेखक बदलतो, विद्याशाखा बदलते, देशही बदलतो, पण लेखाची घडण तीच राहते. एका प्राध्यापकाने आपल्या वर्गात काही नवे करून पाहिलेले असते. व्याख्यान आधीच ध्वनिचित्रफितीवर देऊन वर्गाचा वेळ चर्चेसाठी राखलेला असतो, विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या निबंधांना गुण दिलेले असतात, किंवा लेखी परीक्षेच्या जागी प्रकल्प आलेला असतो. सत्र संपताना एक प्रश्नावली वाटली जाते. बहुतेक विद्यार्थी ‘सहमत’ किंवा ‘पूर्णतः सहमत’ या चौकटींत खूण करतात आणि ही पद्धत परिणामकारक असून ती इतरत्रही अवलंबावी, अशी शिफारस लेखाच्या शेवटी येते. असे लेख मी पुष्कळ वाचले आहेत आणि त्यांतले बहुतेक नाकारावेत असे संपादकांना कळवले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक लेख मी स्वतः लिहिला होता आणि तोही परत आला होता, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

या लेखांची चेष्टा करणे सोपे आहे, पण त्यांच्यामागची तळमळ बहुधा खरी असते. 1990 साली अमेरिकेतल्या कार्नेगी या शिक्षणविषयक प्रतिष्ठानासाठी लिहिलेल्या अहवालात शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी विद्वत्तेचे चार प्रकार मांडले : नवे ज्ञान शोधणे, विखुरलेल्या ज्ञानाची सांगड घालणे, ज्ञानाचा उपयोग करणे आणि अध्यापन. अध्यापनाचाही अभ्यासपूर्वक विचार करता येतो आणि तो इतरांपुढे तपासणीसाठी ठेवता येतो, ही भूमिका त्यानंतर अनेक विद्यापीठांत रुजली. त्यामुळे शिक्षणशास्त्राचे औपचारिक प्रशिक्षण नसलेले रसायनशास्त्राचे, इतिहासाचे, अभियांत्रिकीचे प्राध्यापक आपापल्या वर्गांविषयी लिहू लागले आणि या क्षेत्राला त्याचा लाभच झाला. फक्त एक विसंगती राहून गेली. प्रयोगशाळेत एकदाच घेतलेल्या मोजमापावर जो रसायनशास्त्रज्ञ कधीही विसंबणार नाही, तोच आपल्या वर्गातल्या एका सत्रावर निःशंकपणे विसंबतो.

असे का होते, याचे उत्तर सामान्यतः लेखकाच्या अपुऱ्या तयारीत शोधले जाते. मला ते उत्तर अर्धेच वाटते. दूरच्या वाचकाला उपयोगी पडेल एवढा तपशील लेखक देत नाहीत हे खरे, पण यशाच्या हकिकतीखेरीज दुसरे काही छापायला पत्रिका फारशा राजी नसतात, हेही तितकेच खरे आहे. यातला दुसरा दोष अधिक गंभीर आहे, कारण पहिला बऱ्याच अंशी त्यातूनच जन्मतो. आपला प्रयोग यशस्वी दिसला तरच लेख स्वीकारला जाईल हे ठाऊक असलेला लेखक, यश सर्वांत सहज जेथे मिळते तेथेच मोजमाप करणार.

ते सर्वांत सहज मिळते विद्यार्थ्यांच्या पसंतीत. या पसंतीचा आणि शिकण्याचा संबंध किती फसवा असू शकतो, हे हार्वर्ड विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील एका अभ्यासाने 2019 साली दाखवून दिले. त्यात विद्यार्थ्यांचा एक गट कसलेल्या प्राध्यापकाचे सुबक व्याख्यान ऐकत होता आणि दुसरा गट तेच मुद्दे, तीच उदाहरणे घेऊन स्वतः झगडत, आपसात चर्चा करत शिकत होता. पुढच्या तासाला गटांची अदलाबदल झाली. चाचणीत झगडणाऱ्या गटाला अधिक गुण मिळाले. मात्र आपण किती शिकलो असे विचारले असता, व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच आपण अधिक शिकल्याचे वाटत होते. ओघवते बोलणे ऐकताना सगळे समजल्याचा भास होतो आणि स्वतः अडखळत शिकताना आपल्याला काही येत नाही असे वाटते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याच्या गाठी असतो. तरीही ‘या पद्धतीमुळे मला विषय अधिक चांगला समजला’ या विधानाखाली केलेल्या खुणा परिणामकारकतेचा पुरावा म्हणून पत्रिकांकडे येतच राहतात. ती प्रश्नावली निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांना काय वाटले हे ती सांगते आणि तेही जाणून घेण्याजोगे असते. लेखाच्या शीर्षकात मात्र तेवढेच यायला हवे.

आता दूरच्या वाचकाला काय हवे असते ते पाहू. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या विषयाच्या आणि कदाचित तिप्पट मोठा वर्ग सांभाळणाऱ्या एखाद्या अध्यापकाला हा प्रयोग आपल्याकडे करून पाहावा की नाही, हे ठरवायचे असते. त्यासाठी त्याला काही साध्या गोष्टी समजायला हव्यात. वर्गात किती विद्यार्थी होते आणि सत्र संपेपर्यंत किती उरले? विषय सक्तीचा होता की निवडीचा? प्रयोगाचा वर्ग आणि तुलनेचा वर्ग एकाच अध्यापकाने घेतला का? दोन्ही वर्गांची परीक्षा एकच होती का आणि कोणता विद्यार्थी कोणत्या वर्गातला हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ठाऊक होते का? तयारीसाठी अध्यापकाचे किती तास जास्तीचे गेले? हा शेवटचा प्रश्न लेखांमध्ये जवळजवळ कधीच येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. आठवड्याला दहा तास अधिक मागणारी पद्धत आणि एक तास मागणारी पद्धत यांचा निकाल अगदी सारखा आला, तरी त्या दोन पद्धतींची शिफारस सारखी करता येणार नाही.

तपशील नीट नोंदवला तर लहान वर्गाचा अभ्यासही वाया जात नाही, हेही येथे सांगायला हवे. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदवी अभ्यासक्रमांतील 225 अभ्यास एकत्र करून 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात केवळ व्याख्यानावर चालणाऱ्या वर्गांमधील नापासांचे सरासरी प्रमाण 33.8 टक्के, तर विद्यार्थ्यांना सक्रिय करणाऱ्या वर्गांमध्ये ते 21.8 टक्के आढळले. अध्यापनपद्धतींच्या चर्चेत इतका वजनदार पुरावा क्वचितच हाती लागतो. तो ज्या शेकडो अभ्यासांवर उभा आहे, त्यांत एकेका प्राध्यापकाने एकेका वर्गात केलेले साधे प्रयोगही आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने वर्गाची संख्या, चाचणीचे स्वरूप, गुणांची सरासरी, त्यांचा विस्तार (ते सरासरीभोवती किती पसरले आहेत) यांची नोंद ठेवली नसती, तर ही बेरीज करताच आली नसती. आपल्या चाळीस विद्यार्थ्यांवरून जगाला शिफारस करण्याची घाई लेखकाने केली नाही, तर ते चाळीस विद्यार्थी पुढे कोणाच्या तरी हिशेबात मोलाची भर घालू शकतात.

पण बेरीज प्रामाणिक व्हायची असेल, तर वजाबाकीचे आकडेही छापून यायला हवेत. ते आले नाहीत म्हणजे काय घडते, याचे उदाहरण उच्च शिक्षणाच्याच क्षेत्रात आहे आणि ते प्रत्येक अध्यापकाच्या नोकरीशी निगडित आहे. विद्यार्थी अध्यापकाला जे मूल्यांकन देतात, त्याचा आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले याचा काही मेळ बसतो का, हा जुना प्रश्न आहे. 1981 साली पीटर कोहेन यांनी 41 अभ्यास एकत्र करून सहसंबंध 0.43 (0 म्हणजे काहीच मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) असल्याचे दाखवले, आणि विद्यार्थ्यांनी दिलेले गुण अध्यापकाच्या गुणवत्तेचे चांगले मोजमाप आहेत, असा विश्वास त्या आकड्यावर दीर्घकाळ पोसला गेला. 2017 साली बॉब उटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने व नवे अभ्यास पुन्हा तपासले. जेथे वर्गांची संख्या थोडी होती तेथेच सहसंबंध मोठा दिसत होता. मोठ्या अभ्यासांना अधिक वजन दिल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. लहान अभ्यासांमध्ये योगायोगाने काहीही येऊ शकते. त्यांतले ठळक दिसणारे निकाल छापले जातात, बाकीचे मागे राहतात आणि मग छापलेल्यांची सरासरी खोटे बोलू लागते. अप्रकाशित निकालांच्या या साठ्याला रॉबर्ट रोझेनथल यांनी 1979 साली कपाटाच्या खणाची उपमा दिली होती. आपल्या क्षेत्रातल्या त्या खणाने हजारो अध्यापकांच्या बढत्यांवर आणि नेमणुकांवर परिणाम केला असणार, असे म्हणण्यास जागा आहे.

यावर उपाय सुचवला गेला आहे आणि तो काही पत्रिका वापरतही आहेत. 2013 साली ‘कॉर्टेक्स’ या मेंदू व वर्तन यांच्याविषयीच्या पत्रिकेने लेखांचा एक नवा प्रकार सुरू केला. त्यात लेखक प्रयोग करण्यापूर्वीच आपला प्रश्न, पद्धत आणि विश्लेषणाचा आराखडा पाठवतो, परीक्षक तेव्हाच त्याची छाननी करतात आणि आराखडा पक्का ठरला तर निकाल काहीही येवो, लेख छापण्याचे तत्त्वतः मान्य केले जाते. उच्च शिक्षणाला ही व्यवस्था जितकी शोभून दिसेल तितकी फार थोड्या क्षेत्रांना दिसेल, असे मला वाटते. आमची सत्रे आधीच ठरलेली असतात, परीक्षेच्या तारखा जाहीर असतात, वर्गात साधारण किती विद्यार्थी असतील याचा अंदाज असतो. सत्र सुरू होण्याच्या चार महिने आधी आराखडा पाठवणे कोणत्याही अध्यापकाला अशक्य नाही. शिवाय परीक्षकाची सूचना येथे खरोखर उपयोगी पडते. तुलनेचा वर्ग असायला हवा होता, हे लेख संपल्यावर सांगण्यात काय अर्थ आहे?

यावरचा आक्षेप मला माहीत आहे, कारण संपादकांच्या बैठकांत तो मी ऐकला आहे. फसलेले बहुतेक प्रयोग हे निष्काळजीपणे केलेले प्रयोग असतात, आणि दार उघडले तर अशांचीच रीघ लागेल, असे त्याचे स्वरूप आहे. आक्षेप पोकळ नाही. अध्यापकाला नवी पद्धत नीट जमलीच नाही म्हणून निकाल आला नाही की पद्धतीतच दम नव्हता, हे लेखावरून अनेकदा ठरवता येत नाही. पण निष्काळजीपणे केलेले यशस्वी प्रयोगही तितकेच असतात आणि ते आज छापले जात आहेत. पद्धत नीट राबवली गेली का, याची नोंद दोन्ही प्रकारच्या लेखांकडून मागता येईल. आज ती फक्त अपयशाकडून मागितली जाते, ही तक्रार मला अधिक रास्त वाटते.

फसलेला प्रयोग कळवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वर्गातल्या प्रयोगाची किंमत विद्यार्थी मोजतात. त्यांचे ते सत्र परत येत नाही. अशा संशोधनासाठी विद्यार्थ्यांची संमती घेतली असल्याचे पत्रिका लेखकाला लिहून द्यायला लावतात आणि ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या हातात गुण आहेत त्यानेच संमती मागितली तर ती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या एका ओळीने सुटत नाही. संमतीपत्रे दुसऱ्या कोणी तरी गोळा करावीत, गुण जाहीर होईपर्यंत ती अध्यापकाने पाहू नयेत, नकार देणाऱ्याला तोच अभ्यासक्रम तितकाच चांगला मिळावा, एवढी काळजी घेता येते आणि ती घेतल्याचे लेखात दोन वाक्यांत सांगता येते. लहान वर्गात विद्यार्थ्याचे नाव गाळणेही पुरेसे नसते. सात जणांच्या वर्गातली ‘एक प्रौढ विद्यार्थिनी’ कोण, हे त्या विभागातला प्रत्येक जण ओळखतो. इतके सगळे करून विद्यार्थ्यांनी ज्या प्रयोगाला आपले सत्र दिले, तो जमला नाही म्हणून गुंडाळून ठेवायचा आणि दुसऱ्या विद्यापीठातल्या अध्यापकाने तोच प्रयोग आपल्या विद्यार्थ्यांवर पुन्हा करायचा, हे कोणत्याही नैतिकता समितीला पटू नये.

आता लेख प्रत्यक्ष पाठवण्याविषयी थोडेसे, कारण चांगले लेखही येथे अकारण अडतात. परीक्षकांकडे न जाताच संपादकाच्या टेबलावरून परत येणाऱ्या लेखांचे सर्वांत सामान्य कारण गुणवत्तेचे नसून पत्त्याचे असते. उच्च शिक्षणाची धोरणे, वित्तपुरवठा व प्रशासन यांविषयीची पत्रिका आणि अध्यापनाविषयीची पत्रिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एखाद्या विद्याशाखेच्या अध्यापनाला वाहिलेल्या पत्रिका आणखी वेगळ्या. गेल्या दोन वर्षांचे अंक चाळले तर कोणत्या चर्चा चालू आहेत आणि आपला लेख त्यांतल्या कोणाला उत्तर देतो हे कळते. तसे कोणी सापडले नाही तर पत्रिका चुकली आहे. एकाच वेळी दोन पत्रिकांकडे लेख पाठवू नये, हा नियम केवळ शिष्टाचार वाटतो, पण त्यामागे माणसांचे तास आहेत. 2020 या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी या कामावर दहा कोटींहून अधिक तास खर्च केले, असा बालाझ आत्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे, आणि ते तास बहुतांशी बिनमोबदला होते. आपला एक लेख दोन किंवा तीन परीक्षकांचा वेळ घेतो. तेव्हा वर्षाला एक लेख पाठवणाऱ्याने दोन-तीन लेख तपासून दिले तरच हिशेब बरोबरीत राहतो. परीक्षणाची विनंती आली की कामाच्या ओझ्याचे कारण सांगणारे आणि आपल्या लेखाचा निर्णय लांबला की संपादकाला स्मरणपत्रे धाडणारे लोक पुष्कळदा एकच असतात.

परीक्षकांचे मत हा शेवटचा शब्द नाही, हेही तितकेच स्पष्टपणे म्हणायला हवे. 1982 साली डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी मानसशास्त्राच्या पत्रिकांमध्ये आधीच छापलेले 12 लेख, लेखक व संस्था यांची नावे बदलून, त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले आणि नकारामागे बहुधा पद्धतीतले गंभीर दोष दाखवले गेले. मूळ लेख नामांकित विभागांतून आले होते. नवी नावे कोणाच्याही ओळखीची नव्हती. लेखकाचे नाव परीक्षकापासून लपवण्याची रीत या क्षेत्रातल्या अनेक पत्रिका पाळतात, त्याची गरज या प्रकारावरून लक्षात येते. म्हणून परत आलेल्या लेखासोबतचे अभिप्राय वाचून दोन दिवस तसेच ठेवावेत, नंतर प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे आणि जेथे परीक्षक चुकला असेल तेथे कारण देऊन तसे लिहावे. सर्व सूचना निमूटपणे मान्य करणाऱ्या लेखकापेक्षा एका सूचनेला सविनय नकार देणारा लेखक मला अधिक विश्वासार्ह वाटत आला आहे.

हे सगळे कोणी करील का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर पत्रिकांच्या हाती नाही. अध्यापकाची बढती त्याच्या लेखांची संख्या मोजून ठरत असेल, तर सर्वांत लवकर छापणाऱ्याकडे लेख जाणार. 2013 साली ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेसाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका पेरलेला एक बनावट लेख 304 मुक्त (वाचकांना विनामूल्य उपलब्ध असणाऱ्या) पत्रिकांकडे पाठवला आणि 157 पत्रिकांनी तो स्वीकारला. शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्यांची ही बाजारपेठ लेखकांच्या अज्ञानावर उभी आहे असे मानले जाते. मला ती संस्थांच्या आळसावर उभी दिसते. लेख वाचायला वेळ लागतो, मोजायला लागत नाही. नावाजलेल्या प्रकाशकांनाही या घाईची झळ बसली. वायली या प्रकाशनसंस्थेने ताब्यात घेतलेल्या हिंदावीच्या पत्रिकांमधून एकट्या 2023 साली 8,000हून अधिक लेख मागे घ्यावे लागले आणि त्यांत विशेषांकांतल्या लेखांचा भरणा मोठा होता. पत्रिकेच्या गुणांकावरून, म्हणजे तिच्यातल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो यावरून, लेखाची प्रत ठरवू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा 2012 सालचा आहे. त्यावर सह्या करणाऱ्या विद्यापीठांच्या निवड समित्या अर्जदाराचे निवडक दोन-तीन लेख खरोखर वाचून पाहतील आणि त्यांत एखादा फसलेल्या प्रयोगाचा असेल तर त्याचेही वजन करतील, तेव्हा लेखकांनाही खण उघडण्याचे धैर्य येईल.

माझा परत आलेला लेख विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या निबंधांवर अभिप्राय देण्याविषयी होता. पहिल्या वर्षी विद्यार्थी खूश होते, मीही होतो, आणि परीक्षकाने विचारले होते की निबंध सुधारले का. त्या प्रश्नाचा राग ओसरल्यावर पुढच्या वर्षी मी ते तपासून पाहिले. दोन समांतर वर्ग घेतले, निबंध नावे झाकून एका सहकाऱ्याकडून तपासून घेतले, आणि दोन्ही वर्गांत फरक दिसला नाही. विद्यार्थी दुसऱ्या वर्षीही तितकेच खूश होते. तो दुसरा निकाल मी कोणालाच पाठवला नाही, कारण तो कोण छापणार असे मला वाटले, आणि तेव्हा माझा अंदाज बहुधा चूक नव्हता. ते कागद अजून माझ्याकडे आहेत. वर्गांची संख्या, गुण, किती जणांनी सत्र अर्ध्यावर सोडले, तयारीला किती तास लागले, सगळे त्यात आहे. संमतीपत्रे मात्र मी स्वतःच गोळा केली होती, आणि लेख पाठवायचा झाला तर तेही त्यात लिहावे लागेल.